इथं अशी कुणी पोर नाही

मंजुळा कंपनीतून घरी आली, तर शेजारची दगडाबाई बातमी घेऊन ओट्यावर बसलेलीच होती. दुपारी एक खाकी कपड्यातला माणूस मंजुळाची चौकशी करत आला होता. खांद्याला चामड्याची पिशवी, आवाज करडा. पोर कुठं राहते, वागायला कशी आहे, असं बरंच काही विचारत होता.

"मग? काय सांगितलंत?" मंजुळाचे डोळे चमकले.

"मी कशाला सांगू? तुझी आयस व्हती ना नाक्यावर बोंबील वाळत घालीत. ती बोलली, अशी कोन पोर इथं नाय."

मंजुळानं हातातली डब्याची पिशवी ओट्यावर आपटली.

कोलशेतच्या त्या कोळ्यांच्या आळीची ही जुनी खोड होती. खाकी कपड्यानं कुणाचं नाव विचारलं, की तो माणूस गावात नसायचाच. दारूबंदीच्या दिवसांत लागलेली सवय. दारूबंदी गेली, सवय राहिली. उद्या पोलीस कुणासाठी बक्षीस घेऊन आला असता, तरी आळीनं त्याला तोंड भरून नाही म्हणत वाटेला लावलं असतं. एरवी मंजुळालाही याचं हसू यायचं. पण या खेपेला प्रश्न पासपोर्टचा होता.

पंचाण्णव साली तिच्या कंपनीचा रौप्यमहोत्सव झाला. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या बायकांच्या नावांची सोडत निघाली आणि तीत मंजुळाचं नाव आलं. बक्षीस म्हणजे मुंबईहून कोलंबोपर्यंत बोटीची सहल, आणखी काही मैत्रिणींसोबत. बोटीवर म्हणे पोहायला हौद होता. समुद्रात जायचं आणि हौदात पोहायचं, यावर तिचा बाप परशुराम कितीतरी दिवस हसत होता.

परशुरामची स्वतःची होडी होती. पण होडीत बाईमाणसाला घ्यायची त्याच्या घरात रीत नव्हती. मंजुळाच्या आईनं, सगुणानं, जन्मभर मासळी विकली, पण खाडीपलीकडचं पाणी कधी पाहिलं नाही. मंजुळाला मात्र ते पाहायचंच होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं.

म्हणून तर ती कागदांच्या मागे हात धुऊन लागली होती. शाळेचा दाखला आणला. रेशनकार्डावर तिचं वय आईपेक्षा जास्त पडलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. ठाण्याला जाऊन फोटो काढला. त्यात ती कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसत होती, पण चालला. आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. आणि तीच तिच्या आईनं बोंबील वाळत घालता घालता निकालात काढली होती.

"आये, अशी कशी बोललीस तू?"

"खाकी दिसला, तोंडातून निघून गेलं," सगुणा म्हणाली.

वर तिनं लेकीलाच चार गोष्टी ऐकवल्या. बोटीचं खूळ सोड म्हणाली. डोंबिवलीजवळ मानपाड्याचं स्थळ सांगून आलंय, त्यांचा निरोप आला की सुपारी फोडून मोकळं होऊ. परशुरामनं मान डोलावली. सुपारी फुटल्यावर पोरीनं सासरच्यांना विचारल्याशिवाय कुठं जायचं नाही, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मंजुळानं आईशी अबोला धरला. सगुणानं ताटात वाढावं, हिनं मुकाट्यानं खावं, असं चाललं होतं.

मग एक दिवस पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. आता आईच्या खोटेपणाचा जाब द्यावा लागणार म्हणून मंजुळा घाबरतच गेली. ओळख पटवायला दगडाबाई आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तानाजी होते. हवालदारानं पत्ता विचारला, सह्या घेतल्या, तानाजीला चहा पाजला. आळीत घडलेल्या प्रकाराबद्दल त्यानं अवाक्षरही काढलं नाही. मंजुळाला तो माणूस देवासारखा वाटला.

आणि पासपोर्ट आला. अख्ख्या आळीनं तो पाहिला. मासळीच्या हातांनी कुणी शिवायचं नाही, असा दगडाबाईनं हुकूम काढला आणि स्वतःच पहिल्यांदा पानं उलटली. परशुरामनं तो देवापुढं ठेवला. मानपाड्याहून मात्र निरोप आला नाही तो नाहीच. आपली पोर त्यांच्या मनात भरली नसेल म्हणून तो जरा हळहळला, पण बोटीच्या गडबडीत तेही विसरला.

निघायच्या दिवशी सगुणा लेकीचे केस विंचरायला बसली. मंजुळाच्या पोटात आनंद मावत नव्हता. इतक्या आनंदात राग धरून बसणं तिला जमेना.

"आये, पोलीस भला निघाला म्हणून बरं," ती म्हणाली. "नायतर तू माझी बोट बुडवलीच व्हतीस."

सगुणानं दाराकडे पाहिलं. परशुराम बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होता. तिनं लेकीच्या केसांत वेणी माळली, नीट बसवली, आणि तिच्या कानाशी वाकली.

"पोलीस कसला गो," ती म्हणाली. "तो मानपाड्याच्या पोराचा मामा व्हता, येस्टीत कंडक्टर हाय. मी बघताच वलखला त्याला."