धूर तोलला

जळगावच्या दलिचंद सराफांचा चोविहार कडक होता. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत. सिगारेट मात्र चालायची. "धूर मी गिळतो कुठं? तोंडात आला तसा गेला!" ते म्हणायचे. "मोजूनच दाखवते, भाऊ," कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी कुसुमलता वडलांपुढं हट्टाला पेटली. भाऊंनीच सारखे तोलून दिलेले कापसाचे दोन बोळे तिनं काचेच्या नळ्यांत भरले. एकातून दहा सिगारेटींचा धूर पिचकारीनं ओढला. दुसऱ्यात भाऊंनी तितक्याच सिगारेटी ओढून तोंडातला धूर फुंकला. दिवेलागणीला तिनं दोन्ही बोळे सोनं तोलायच्या काट्यात ठेवले. भाऊंचा बोळा वर गेला. त्यांनी पारडी बदलून पाहिली, तरी वरच. "काटा तुमचाच आहे, भाऊ. बाकीचा धूर कुठं राहिला?" भाऊंनी सिगारेट विझवली, चूळ भरायला तांब्या उचलला आणि दिवस मावळल्याचं आठवून तसाच खाली ठेवला.