सोडून दिलेले मासे

"आजही काही नाही?" दार उघडत जयवंतीने विचारलं.

"दोन मिळाले. सोडून दिले," म्हणत मनोहरने ओला रेनकोट टांगला.

सिंगापुरात डिसेंबरचा पाऊस लागल्यापासून हे असंच चाललं होतं. रविवारी सकाळी गळ घेऊन यिशुनच्या जलाशयावर जायचं आणि दुपारी हात हलवत टॅम्पिनीसला घरी परत यायचं. जयवंती मालवणची. तिच्या माहेरी माशाचा काटाही चोखून खातात. हाती आलेला मासा कुणी पाण्यात परत सोडतं, हे तिच्या पचनी पडेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळी अरुणा आणि तिचा नवरा पद्माकर जेवायला आले. पद्माकर मनोहरच्याच कंपनीत, दोघेही जहाजांचे इंजिनियर. स्वयंपाकघरात अरुणाने हळूच चिमटा काढला, "मालवणच्या बाईचा नवरा मासे सोडून देतो? नजर ठेव गं बाई."

जयवंती हसली खरी, पण तिने लगेच भाताचं भांडं उचललं. बाहेर येऊन तिने विचारलं, "पद्माकरभावजी, भात वाढू?" त्यांनी ताटातून मान वर केली नाही. यांच्याही कानावर काही आलंय की काय, असं तिला वाटून गेलं.

आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मनोहर गप्प बसला तरी शंका, हसला तरी शंका. इतक्या वर्षांचा संसार आता मोडणार, असंच तिच्या मनाने घेतलं. पुढच्या रविवारी तो बाहेर पडला आणि थोड्या वेळाने तीही एमआरटी ट्रेनमध्ये बसली.

जलाशयाच्या काठी मनोहर भुरभुर पावसात एकटाच उभा होता.

"अगं, तू इथे?"

"सहज. म्हटलं, बघावं तरी."

तो पोरासारखा खुलला. "पाणी गार झालंय ना, पीकॉक बास मासा वर येतच नाही. तळ एकदम खोल जातो तिथे बसून राहतो. गळ खाली सोडायचा आणि अगदी सावकाश ओढायचा. घाई केली की संपलं."

तेवढ्यात दोरी ताणली. काळ्या पट्ट्यांचा सोनेरी मासा वर आला. मनोहरने अलगद गळ काढला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला. जयवंतीचे डोळे भरून आले. किती साधा माणूस, आणि आपण काय काय मनात आणलं!

"घरी कधी येणार?" तिने विचारलं.

"दुपार होईल. थांबतेस?"

"नको, कामं पडलीत. तुम्ही या सावकाश."

बस स्टॉपवर येताच तिने फोन लावला. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"उगाच घाबरलो आपण. ते खरंच मासे पकडतात, आपल्या मागावर नाहीत," ती म्हणाली. "मी घरी पोचतेच आहे. ये तू, पद्माकर."