नळावरचं कथाबीज

कांदिवलीच्या चाळीत वनमाला रोज सकाळी नळावरून पाणी आणायची आणि पाण्याबरोबर बायकांची सुखदुःखंही. तिचा नवरा जयवंत त्यातूनच कथा लिहायचा. चौऱ्याऐंशीच्या एका दिवाळी अंकात त्याने शेजारच्या शेवंतीच्या, नवऱ्याने टाकलेल्या लेकीची कथा दिली. बदललं ते फक्त नाव. अंक चाळभर फिरला.

"हल्ली नळावरचं काहीच सांगत नाहीस गं," एकदा चहा पिताना तो कुरकुरला.

"काय सांगू? मी हंडा घेऊन गेले की सगळ्या गप्प होतात. शेवंती तर माझं तोंडही बघत नाही. या चाळीत बोलायला कुणी उरलं नाही हो मला." वनमालाला रडू फुटलं.

जयवंतने पेनाचं टोपण काढलं. "थांब, थांब. सगळ्यात आधी कोण गप्प झालं, ते सांग."