सालीखालचं हिरवं

शिंपीकाकांनी दुकानासमोर वाढवलेल्या झाडाची सावली एवढी गार, की तिथे टेकलेलं गिऱ्हाईक भर उन्हाळ्यात कोट शिवायला टाकून जायचं. शपथेवर सांगतो, त्यातला एक कोट माझा आहे.

हिवाळ्यात मात्र सगळी पानं झडून झाडाचा पार खराटा व्हायचा आणि काकू दरवर्षी तितक्याच घाबरायच्या. "अहो, या खेपेला मेलंच की हो हे!"

मग काका त्यांचा हात धरून फांदीची साल नखाने जराशी खरवडायला लावायचे. "दिसलं का आत हिरवं? झोपलंय गं ते, वेडे. पाणी घालत जा, उठेल." चाळीस वर्षांत झाडाने काकांना एकदाही खोटं पाडलं नाही.

परवा, ऐन पानगळीत, काका गेले. आम्ही चौघे उचलायला पुढे झालो, तर काकू आडव्या आल्या. त्यांनी काकांच्या मनगटावरून हळूच नख फिरवलं आणि कातडीखालची शीर आम्हाला दाखवली.

"घाई कसली करताय रे? आत हिरवं आहे अजून. तुम्ही आधी पाणी आणा."