निळे खांब
निजलेल्या दुपारी वॉशिंग मशीन टुंटुं वाजलं. ती लॅपटॉपसमोरून उठली नाही. उद्या प्रयोगशाळेतल्या नोकरीची मुलाखत होती. पडद्यावर क्षयरोगावरच्या तिच्या शोधनिबंधांचा आलेख होता, दर वर्षाचा एक निळा खांब.

"शेवटची चार वर्षं रिकामी का, हे विचारतीलच," तिचे पीएचडीचे मार्गदर्शक सर सकाळी फोनवर म्हणाले होते. "उत्तर तयार ठेव." त्यानंतर घरात मोठ्या माणसाचा आवाज नव्हता.

लेक मांडीवर चढली. "आई, या बिल्डिंगा आहेत?"

"नाही गं बाळा. त्या त्या वर्षी मी केलेलं काम आहे."

"मी झाले ते वर्ष कुठंय?"

तिने लेकीचं बोट धरून खांबांपुढच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

लेकीने तिथे नखाने खरवडून पाहिलं. "मी झाले तेव्हा तू काहीच काम नाही केलंस?"