लालडोक्या

करण जातीच्या थोराड पोपटानं आकारामचं बोट चोचीत धरलं आणि सोडायचं नावच घेईना.

"वडू नगासा पावणं! वडलं की आणखी आवळतंय," पाखरं विकणारे बाळासो ओरडले आणि त्यांनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. अंधार झाला तसं बोट सुटलं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भोवती जमलेली माणसं हसली. आकाराम फाउंड्रीत ओतकाम करणारा, वितळलेल्या लोखंडाशी रोजची गाठ. बोटाचं त्याला काही वाटलं नाही. त्यानं आधी वळून बायकोकडं बघितलं. मालन हसली की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. तिनं तोंडाला पदर लावला होता. काही कळेना.

लग्नाला दोन महिने झाले होते. मालन शिरोळकडची. उद्यमनगरच्या मागच्या दोन खोल्यांत ही दोघंच. आकारामनं काहीही विचारलं, की ती "व्हय" म्हणायची, नाहीतर "न्हाय." भाकरी गरम मिळायची, शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लागायचं, पण तिसरा शब्द नाही. आपण हिला पसंत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. दिवसभर कानात कारखान्याचा दणदणाट आणि घरात पाय टाकला की ही शांतता. शेवटी त्यानं ठरवलं, एक बोलणारं पाखरू आणायचं. निदान त्याच्याशी तरी ही बोलेल.

"सगळ्यात जास्त बोलणारं द्या!" तो म्हणाला. नेहमीच्याच आवाजात म्हणाला, पण पलीकडच्या मिरच्या विकणाऱ्या बाईनंही मान वर केली.

"बोलायला ह्यो करण एक नंबर," बाळासो सांगू लागले. "अक्षर न् अक्षर स्वच्छ. पर ह्याचा धनी एकच. बाकीच्यांची गत तुमच्या बोटावानी. ही लव्हबर्डं म्हणाल तर त्यांचं त्यांच्यातच गूळपीठ, तुमाला इचारणार बी न्हाईत. ह्यो लालडोक्या पोपट लई गरीब. चावत न्हाय, पर बोलत बी न्हाय, नुसती शीळ घालतोय. तुमी ह्यो राघू न्या. कवळं पिल्लू हाय, गळ्याला कंठाची रंगीत रेघ अजून यायचीया. सा म्हैन्यात घर डोक्यावर घेतंय का न्हाय बघा!"

"मग हाच द्या," आकाराम म्हणाला.

"पिल्लू न्हवं ते."

कोण बोललं ते आकारामला आधी उमगलंच नाही. मालन त्याच्या पुढं येऊन पिंजऱ्यापाशी वाकली होती.

"डोळं बघा की. पिल्लाचं डोळं काळंभोर असत्यात. हिच्या बुबुळाभवती पांढरं कडं आलंय. चार पावसाळं बघितलेली मादी हाय ही. कंठ नरालाच येतोय, हिला ह्या जन्मात यायचा न्हाय."

"वैनी, चाळीस वर्सं झाली पाखरं इकतोय मी."

"इकत असशीला. मी राखणीला बसलीया. बाच्या शाळवात, माळ्यावर, गोफण घिऊन." मालनचा पदर खांद्यावर आला होता, तिला त्याचं भान नव्हतं. "ह्यो राघू एक कणीस खातोय आन् चार खाली पाडतोय. हुसकला तर डोक्यावर फिरून शिव्या दिल्यागत वराडतोय. आन् ही लालडोकी जोडीनं येत्यात. जोंधळ्याच्या ताटाच्या शेंड्यावर बसत्यात, हळूच शीळ घालून एकमेकास्नी इचारत्यात. नुसता हात हालवला तरी उठून जात्यात बिचारी. त्यांच्यावर गोफण कदी उचललीच न्हाय मी. बा लई बोलायचा त्यापायी!"

"आता बोला की बाळासो!" मिरच्यावाली बाई ओरडली.

बाळासोंनी राघूच्या डोळ्यांत निरखून बघितलं, मान खाजवली आणि खो खो हसत सुटले. "घावलो वैनी. चाळीस वर्सांत पयल्यांदा घावलो."

आकारामचं पाखरांकडं लक्षच नव्हतं. बायकोचा आवाज जरासा घोगरा आहे आणि बोलता बोलता तिचे हातही बोलतात, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. आणखी काय विचारलं म्हणजे ही आणखी बोलेल, याचाच तो विचार करत होता.

"मग कुठलं न्यायचं?" त्यानं विचारलं. त्याचं त्यालाच नवल वाटावं इतक्या हळू.

तिनं लालडोक्याकडं बोट दाखवलं.

"पर पावण्यास्नी बोलणारं पायजे," बाळासो म्हणाले. "ह्यो बोलायचा न्हाय, आधीच सांगतो."

"बोलायला मी हाय की!"

बाजार हसला. मालन कानापर्यंत लाल झाली, पण मागं सरली नाही.

सायकलच्या कॅरिअरवर ती लालडोक्याचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली. थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "एक इचारू? तुमी सारखं रागावल्यालं का असता?"

"मी? कवा?"

"रोज. दारातनंच वराडता, च्या झाला का म्हणून. मग मी भिऊन गप बसती."

आकारामनं करकचून ब्रेक दाबला आणि एक पाय खाली टेकला. "अगं, फाउंड्रीत वराडल्याबिगर शेजारच्याला ऐकू जात न्हाय. तीच सवय लागलीया. आन् मी म्हणतोय, मीच हिला आवडत न्हाय!"

"येडं हायसा," मालन म्हणाली.

मग ती जी सुरू झाली ती थांबेना. शाळवावरनं कृष्णेवर गेली, नदीवरनं पुरावर. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा बानं वासरू खांद्यावर घेतलं होतं म्हणे. बिंदू चौक आला. तिथनं आकारामनं हँडल रंकाळ्याकडं वळवलं.

"अवो, घर तिकडं ऱ्हायलं!"

"ऱ्हाऊ दे. वासराचं काय झालं पुढं?"