तिसऱ्या रांगेतला खोकला

व्हायोलिन तीनशे वर्षांपूर्वी इटलीत घडवलेलं. त्याला स्वतःचा एसी होता, विमा होता आणि रखवालदारही होता. श्रोते बोईसरचे होते. त्यांना खोकला होता. "रेकॉर्डिंग चालू आहे, कृपया कोणी खोकू नका," असं रेकॉर्डिंग करणाऱ्या दिग्विजयने माइकवरून बजावलं आणि अख्ख्या सभागृहाने श्वास रोखून धरला. साथीला कोणी नव्हतं. एकट्या व्हायोलिनचा सूर बारीक होत होत केसाएवढा झाला, नेमकं तेव्हाच तिसऱ्या रांगेतले पंढरीकाका खोकले. उभा जन्म केमिकलच्या कंपनीत गेलेला, त्यामुळे खोकले ते अगदी मनापासून.

दोन महिन्यांनी त्यांची बायको इंदुबाई बोईसरजवळच्या घिवलीहून पिशवीभर नारळ घेऊन दिग्विजयच्या स्टुडिओत आली. बाई माफी मागायला आली असणार, हे त्याने लगेच ओळखलं.

"मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नका. बाकीचे खोकले पुसले मी. काकांचा तेवढा सुरात अडकून बसलाय. पण तोही काढतो."

"नको काढू, बाबा. हे गेले मागच्या महिन्यात."

दिग्विजयने कानावरचा हेडफोन उतरवला.

"फोनात त्यांचा आवाजच नाय. नुसती गुलाबाची फुलं पाठवायचे सगळ्यांना." इंदुबाईने पिशवी खाली ठेवली. "खोकला हाय तसा राहू दे. त्याच्यामागचं ते व्हायोलिन काढता येतं का बघ."